टाकीवरच्या हवेचा आकडा

लोणंदला मी सहा वर्षं जिथे नोकरी केली, तो कारखाना लोखंडी पाइपांवर जस्ताचा मुलामा चढवायचा. मुलामा चढवण्याआधी पाइपांवरचा गंज काढावा लागतो. त्यासाठी एका लांबलचक शेडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या चार टाक्या होत्या. क्रेनला टांगलेला पाइपांचा भारा टाकीत सोडायचा, गंज सुटला की वर काढायचा आणि पाण्यात धुवायचा. भारा वर येताना त्याच्याबरोबर पांढुरकी वाफ उठायची. माझं काम त्या वाफेचं. मी तिथली सुरक्षा अधिकारी.

आम्ही तिथे दोनच बायका. दुसऱ्या म्हणजे ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी, त्या नऊ वाजता निघून जायच्या. त्यानंतर दिवसभर माझ्याशी जे बोलणं व्हायचं ते हेल्मेटबद्दल किंवा रजिस्टरवरच्या सहीबद्दल. कँटीनमध्ये मी एखाद्या टेबलाशी जाऊन बसले की तिथली माणसं आदरानं सरकून घ्यायची आणि हळूहळू गप्प व्हायची. आठवडाभरात मला ते कळलं. मग मी डबा घेऊन स्टोअरच्या मागच्या बाकावर जायला लागले.

त्या बाकावर माझ्याआधीपासून एक माणूस जेवत असे. टाक्यांवरचा सगळ्यांत जुना कामगार, माण तालुक्यातला. घराणं मेंढरं राखणारं. शेडमध्ये सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा फौजेत, मुलगी सासरी. स्टेशनच्या अंगाला एका खोलीत एकटेच राहायचे आणि पहाटे स्वतःच भाकरी-कालवण करून डबा भरायचे.

"तुम्ही कँटीनमध्ये का नाही बसत?" मी एकदा विचारलं.

"तितं समदी एकमेकांच्या डब्यातलं घेत्यात," ते म्हणाले. "दुसऱ्याचं घ्यायचं तर आपल्या डब्यात बी द्यायजोगं पायजे. माझ्या हातचं कोण खाणार?"

त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली भाकरी घेतली. पुढे तो रिवाजच झाला. अर्धी भाकरी इकडून तिकडे, थोडी भाजी तिकडून इकडे. फार बोलायचो असं नाही. पण दिवसातली ती वीस मिनिटं सोडली तर मला त्या गावात कुणी माणूस नव्हतं, आणि बहुधा त्यांनाही.

शेडमध्ये काकांचा शब्द चालायचा. पावसाळ्यात दमट हवेनं धुतलेल्या पाइपांवर पुन्हा गंज धरतो, म्हणून मोठी शटरं खाली ओढायची पद्धत होती. शटर ओढलं की वाफ आत कोंडायची. अशा वेळी सुपरवायझर काकांना विचारायचा, "काका, चालंल का?" काका टाकीच्या कडेला जाऊन उभे राहायचे, मान वर करून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चालतंय." मग आठ माणसं कामाला लागायची. क्वचित कधी ते "जरा थांबा" म्हणत, आणि मग कारखान्याचे मॅनेजर साहेबसुद्धा थांबत. पाळी सुरू होताना प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळानं छातीतलं ॲसिड निघून जातं असं सगळे मानायचे. मी पहिल्याच महिन्यात सांगितलं की असं काही होत नाही. त्यावर माझ्याच हातावर एक खडा ठेवून काका म्हणाले, "न्हाई तर न्हाई. ग्वाड तर हाय."

तिसऱ्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं एक फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता. कामाच्या जागेवरच्या हवेत ॲसिडची वाफ जास्तीत जास्त किती चालेल याची तुमच्या कारखान्याची स्वतःची मर्यादा लिहा, आणि ती कशी ठरवली तेही लिहा. साहेबांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

"कायद्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हवेच्या दहा लाख भागांत पाच. त्याच्या वर क्षणभरही जायचं नाही."

"मग पाच लिहा."

"कशी ठरवली तेही विचारलंय, साहेब. मोजायला लागेल."

"मोजा की," ते म्हणाले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक कागद लवकर टेबलावरून जायला हवा असायचा.

मी मोजायला सुरुवात केली. त्यासाठी एक हातपंप मिळतो, त्याला काचेची बारीक नळी लावायची. पंपानं हवा ओढली की नळीतल्या निळ्या भुकटीचा रंग पिवळा होत जातो. पिवळा जिथे थांबेल तिथला आकडा वाचायचा. मी माणसांच्या नाकाच्या उंचीला नळी धरून उभी राहायचे. पोरं हसायची. "मॅडम, आमची जत्रंतली पिपाणी वाजीवत्यात," असं कुणीतरी म्हणायचं. तीन आठवडे मी हेच केलं. शटरं उघडी असताना आकडा दोनच्या आसपास यायचा, शटरं ओढली की तीन, आणि भारा वर येताना चार. पाच एकदाही नाही.

म्हणजे कायद्यानं सगळं ठीक होतं. पण चारचा आकडा यायचा त्या वेळी माझे डोळे चुरचुरायचे आणि घशात काटे टोचायचे. बाहेरच्या देशांतल्या काही जाणकारांनी याच ॲसिडला दोन ही मर्यादा सांगितलेली मी वाचली होती. दोन आणि पाच. मधल्या तीन आकड्यांत नक्की काय घडतं हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. टाकीवरच्या एकेकाला विचारलं. "घसा दुखतो का? डोळे? दात आंबतात का?" सगळ्यांचं उत्तर एकच. "न्हाई मॅडम, सवय हाय." आणि मग: "काकांना इचारा."

काकांना मी विचारायच्या आधीच मला ते समजलं.

सप्टेंबरातला दिवस होता, हवा कोंदट. बाकावर बसून काकांनी डबा उघडला आणि मला दोन हातांवरून आंबूस, नासका वास आला. वांग्याची भाजी होती, आदल्या दिवशीची असावी. वर फेस धरला होता. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. दुसरा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला नाही. "काका, भाजी नासलीय," म्हटलं.

त्यांनी डबा नाकाजवळ नेला. बराच वेळ धरला. मग झाकण लावलं आणि बाजूला ठेवला.

"तुमाला वास येतोय व्हय?"

"लांबूनच येतोय."

समोर पाइपांचे भारे रचलेले होते, ते तिकडे बघत होते. मग म्हणाले, "घरच्या बाईनं सांगितल्यालं. चुलीवर दूध करपलं नि मी तितंच बसल्यालो. ती म्हणली, आवं, तुमाला कळंना व्हय? तवापासनं ठावं हाय मला. ती हुती तवर डबा हुंगून द्यायची. आता कोण हुंगणार?"

"मग शेडमध्ये तुम्ही वास घेऊन सांगता ते?"

"डोळं चुरचुरलं तर थांबा म्हणतो. न्हाई तर चालतंय म्हणतो." मग म्हणाले, "आमचा बा मेंढरू आजारी पडलं की नुसत्या वासावरनं सांगायचा. माझं बी नाक तसंच हुतं. लोकांस्नी तेच ठावं हाय."

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायला हवं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मॅडम, नोकरीची दोनच वर्सं राह्यल्यात माझी. कुनाला सांगू नका." मी मान हलवली. शब्द तोंडातून निघाला नव्हता, पण मान हलवली होती हे मला पक्कं आठवतं.

त्या आठवड्यात मी सुट्टीला विट्याला गेले. आमचं घर तिथलं. आई गेल्यापासून तिथे फक्त वडील असतात, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आमच्या भागातले खूपजण सोन्याच्या गलाईचं काम करतात. लांबलांबच्या शहरांत दुकान टाकून जुनं सोनं ॲसिडात घालून शुद्ध करून देतात. अण्णांनीही तीस वर्षं दक्षिणेतल्या एका शहरात तेच केलं. माझ्या लहानपणी ते दिवाळीला आणि जत्रेला यायचे, आठ-दहा दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. आता कायमचे आलेत, पण अजूनही पाहुण्यासारखेच राहतात. खुर्चीच्या कडेला बसतात. पुढचे दात झिजून खुंट राहिलेत, त्यामुळे बोलतानाही ओठ मिटून बोलतात.

मी पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. "अण्णा, तुमच्या खोलीत धूर किती असायचा?"

"लय. तांबडा धूर. सोनं टाकलं की खोली भरायची."

"मग तो किती झाला म्हणजे बास, हे कसं ठरवायचे?"

त्यांनी विचार केला. "कोन तरी खोकायचं. खोकला की खिडकी उघडायची."

"पहिलं कोण खोकायचं?"

"मीच. नवीन हुतो ना. हसायची समदी. खिडकी उघडली की भट्टीचा जाळ हालतो, काम मागं पडतं. मग मी शिकलो."

"काय शिकलात?"

"खोकला दाबायला," अण्णा म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. माझ्या वडिलांशी माझं आयुष्यातलं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं. ते ॲसिडाबद्दल निघालं, याचं मला वाईट वाटावं की बरं, ते कळेना. दुसऱ्या दिवशी निघताना मी त्यांचे दात सांगलीच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. ते म्हणाले, "आता कुनाला हसून दावायचंय?"

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेब, मी आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. मी आकडे मांडले आणि म्हटलं, दोन लिहू या. साहेबांनी कागद उलटसुलट केला.

"दोन लिहिलं की शटरं ओढता येणार नाहीत. टाक्यांना वाफ ओढणारे पंखे बसवावे लागतील. म्हणजे काम थांबवून. कशासाठी? कुणाची तक्रार आहे?"

"तक्रार नाही."

"डॉक्टर, तुमच्याकडे कुणी आलं?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग झालं तर. बावीस वर्षं टाकीवर उभा असलेला माणूस वास घेऊन सांगतो, चालतंय. त्याला काही झालेलं नाही. तुम्ही तीन आठवडे उभ्या राहून सांगताय, चालत नाही. मी कुणाचं ऐकू?"

मी गप्प बसायला हवं होतं किंवा दुसरं काही बोलायला हवं होतं. नंतर कितीतरी वेळा मी त्या जागी वेगवेगळी वाक्यं घालून पाहिली. पण त्या वेळी माझ्या कानात अण्णांचा तो खोकला होता, जो मी कधी ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, "साहेब, त्यांना वास येतच नाही. कशाचाच."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "कधीपासून?"

दुसऱ्या दिवशी काकांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. नोंदी लिहायला मला थांबायला सांगितलं होतं. काका आत आले, मला बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाखाली धरली. पहिलीत कॉफी होती.

"येतो वास?"

"येतो की."

"कशाचा?"

"आसंल कशाचा तरी. ग्वाडसर."

दुसरीत साबणाचा चुरा होता, तिसरीत वेलदोडा. "येतो की," काका म्हणत राहिले. चौथी बाटली डॉक्टरांनी धरली ती रिकामी होती. काकांनी डोळे घट्ट मिटून लांब श्वास घेतला, छाती भरून, शेडमध्ये घ्यायचे तसाच.

"हिचा बी येतो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. त्यांनी मला लिहायला सांगितलं ते मी लिहिलं. माझं अक्षर त्या पानावर कसं आलंय ते मी परत कधी पाहिलं नाही.

काकांना मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून चिठ्ठी आली की नाकातलं अस्तर जुनाट जखमेसारखं झालंय, वास परत येण्याची आशा कमी, आणि हे टाकीमुळेच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही. त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी टाकीवरच्या आठही जणांचे दात तपासले. पाच जणांचे पुढचे दात कडेनं झिजलेले निघाले. ते कुणी बोललं नव्हतं. कुणाला तो आजार वाटलाच नव्हता. डॉक्टर स्वतःहून साहेबांकडे गेले आणि म्हणाले, मॅडमचा आकडा लिहा. साहेबांनी सही करताना मान वर केली नाही, पण सही केली.

पंखे बसले. टाक्यांमध्ये ॲसिडवर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे सोडले, त्यानं वाफ कमी उठते. भिंतीवर एक यंत्र लागलं, दोनच्या वर गेलं की लाल दिवा. शटर ओढायचं की नाही ते आता तो दिवा सांगायचा. काकांना गेटवर बदली मिळाली. पगार तोच, खुर्ची, पंखा, गाड्यांचे नंबर लिहायचे. सगळे म्हणाले, काकांचं भलं झालं.

बाकावर मी चार दिवस एकटी जेवले. पाचव्या दिवशी डबा घेऊन गेटवर गेले. ते वहीत काहीतरी लिहीत होते.

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. "न्हाई मॅडम. तुमी बरंच केलं. पोरांचं दात वाचतील." मग बाहेर उभ्या असलेल्या ट्रककडे बघत म्हणाले, "पर मला इचारून करायचं हुतं. मी सोताच सांगिटलं असतं. माज्या तोंडानं."

"तुम्ही म्हणाला होतात, कुणाला सांगू नका."

"व्हय. म्हणलो हुतो." ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि ते उठून गेट उघडायला गेले. मी थोडा वेळ थांबले. ते परत येऊन बसले, पण त्यांनी दुसरी खुर्ची ओढली नाही.

त्यानंतर ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. सकाळी "नमस्कार मॅडम" म्हणायचे. पण तो नमस्कार ते साहेबांनाही करायचे आणि कांद्याच्या गाडीवाल्यालाही. टाकीवरची पोरंही माझ्यापासून जरा जपूनच वागायला लागली. मला काही सांगितलं की ते केबिनपर्यंत जातं, एवढं त्यांना समजलं होतं. दिवा लाल झाला की ती माझ्याकडे बघायची, जणू मीच तो लावला. शेवटची तीन वर्षं मी टेबलावरच जेवले, संगणकाच्या पडद्याकडे बघत.

काका निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी नारळ, शाल दिली आणि मी टाळ्या वाजवणाऱ्यांत मागे उभी होते. पुढे एकदा, चैत्रात, मी न कळवता त्यांच्या गावाला गेले. दोन एसट्या बदलून, शेवटचं अंतर चालत. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, ते मेंढरं बघायला जतकडं गेल्यात, सांजच्याला येतील, न्हाई तर उद्या. मी त्यांच्या ओट्यावर दोन तास बसले. बाभळीची सावली सरकत सरकत माझ्या पायांवरून गेली. मग शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमी आलता म्हणं."

"हो."

"काय काम हुतं?"

"काही नाही. सहज."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. "बारा घेतल्यात," ते म्हणाले. "एक लंगडं हाय, पर चालंल." मग त्यांनी अण्णांची तब्येत विचारली. अण्णांबद्दल मी त्यांच्याशी बाकावर कधीतरी एकदाच बोलले होते. मी म्हटलं, बरे आहेत. "बरं हाय तर," ते म्हणाले. बोलणं संपलं होतं, तरी फोन कुणी ठेवला नाही. थोड्या वेळानं रेंज गेली.

त्या वर्षी मला सांगलीत एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. लोणंदला माझ्या जागी आलेल्या मुलाला मी दोन दिवस सगळं समजावलं. हुशार होता. मर्यादेचा कागद वाचून त्यानं विचारलं, "मॅडम, दोनच का? दीड का नाही? एक का नाही?"

त्याला सांगण्यासारखी कारणं माझ्याजवळ होती. बाहेरच्या जाणकारांचा आकडा दोन होता. आमची शटरं उघडी ठेवून दोन गाठता येत होतं. साहेब त्याच्याखाली सही करणार नव्हते. ही सगळी मी त्याला सांगितली. मग म्हटलं, दोनला कुणालाच काही होत नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पाचपेक्षा कमी होतं, एवढंच. वर्षातून एकदा सगळ्यांचे दात बघा. नाकही तपासून घ्या. आणि ज्याचं तपासाल त्याच्याशी आधी बोला.

त्यानं वहीत "दात, नाक, वार्षिक" असं लिहिलं. शेवटचं वाक्य लिहिलं नाही. ते लिहायचं नसतंच बहुतेक. मी कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली, मावशी निघून गेल्या होत्या म्हणून माझा कप मीच विसळून ठेवला, आणि सांगलीची गाडी किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर गेले.